मशीन उठलं

जुनं मशीन खूप वर्षांनी तापलं की त्याला एक वास येतो. जळका नव्हे. दिवसभर उन्हात टाकलेल्या गादीचा असतो ना, थोडा कापसाचा, थोडा धुळीचा आणि मागून कुठून तरी लोखंडाचा, तसला. मागे एका रविवारी सकाळी नल्लकुंट्याच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत तो वास पसरला आणि मी होते तिथेच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. सूनबाई म्हणाली, "आई, काही जळतंय का हो?"

म्हटलं, "नाही गं बाई. ते जागं होतंय."

आमचं ते घर तेव्हा बिल्डरकडे गेलं होतं. तिथं पाच मजले उठणार म्हणे. मी निघाले होते शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला, नंदूच्या फ्लॅटवर. नंदू माझा मुलगा, उशिरानं झालेला, आणि मुग्धा त्याची बायको, पुण्याची. दोघं एकाच ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतात. महिनाभर आम्ही सामान काढत होतो. पितळी घंगाळ ठेवायचं, पाटा नाही ठेवायचा, चाळणी ठेवायची, खल नाही. असं करता करता माळ्यावरून माझ्या जुन्या निळ्या लुगड्यात गुंडाळलेलं ते गाठोडं खाली आलं. नंदू म्हणाला, "आई, ये तो स्क्रॅपला देऊन टाकू. फ्लॅटमध्ये जगा कुठंय?" मुग्धानं मात्र लुगड्याची गाठ सोडली आणि अशी किंचाळली की मला वाटलं पाल निघाली.

"अहो आई! हे वर्कस्टेशन आहे! जुना, मोठ्या कामांचा कॉम्प्युटर! कसलं भारी! हे तुमच्या घरात काय करतंय?"

"करत होतं गं. पोट भरत होतं आमचं."

तिला असल्या जुन्या यंत्रांचा नाद आहे. कुणाला जुन्या नाण्यांचा असतो, हिला याचा. ती लगेच फतकल मारून बसली, पदरानं पुसावं तसं ओढणीनं पुसायला लागली आणि म्हणाली, "भंगारात जायच्या आधी एकदा चालू करून बघू या ना. एकदाच."

मी हौ म्हटलं. तोंडानं म्हटलं, पण लुगड्याची गाठ पुन्हा बांधून टाकावी असं झालं. का ते तिला ठाऊक नव्हतं, नंदूलाही नाही. तुम्हाला सांगते. त्या डब्यात माझ्या ठकूचा आवाज होता. ठकू माझी पहिली मुलगी. नंदूनं तिला पाहिलेलं नाही. तिचा एक फोटो आहे, जत्रेत काढलेला, त्यात ती हलली म्हणून तोंडच पुसट आलंय. आणि आवाज म्हणाल तर तेव्हा साऱ्या दुनियेत फक्त त्या डब्यात.

नंदूचे बाबा नकाशे काढायचे. घरांचे नव्हे, यंत्रांच्या भागांचे. कुकटपल्लीकडच्या कारखान्यांना चाक लागायचं, दांडा लागायचा, त्याचा आधी नकाशा लागायचा. आधी कागदावर काढत, मोठ्या तिरप्या फळीवर. मग एका ऑफिसनं आपली जुनी मशीनं काढून टाकली, त्यातलं एक हे रिक्षात घालून घेऊन आले. मांडीवर डबा, पायाशी तिजोरीएवढा टीव्ही, आणि स्वतः अर्धे रिक्षाच्या बाहेर. रिक्षावाला म्हणाला, "साब, टीवी लाए तो अच्छा, मगर ये गोद का डब्बा कायकू?" हे म्हणाले, "मियाँ, असल चीज डब्बाच है. टीवी तो उसका मुँह है." तो बिचारा मान हलवत गेला. त्याला वाटलं असेल, साहेबांना ऊन लागलं.

मशीन कसं चालवायचं त्याचं इंग्रजी पुस्तक बरोबर काही मिळालं नाही. ते यांनी कोठीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून शोधून आणलं, पुठ्ठा नसलेलं, कुणा तिसऱ्याच माणसाच्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं. मी दहावी शिकलेली, तीही मराठीत. दुपारी भांडी झाली की ते पुस्तक घेऊन बसायची आणि शब्दकोशातून एक एक शब्द उचलायची, तांदळातले खडे वेचावे तशी. फरक एवढाच की इथं खडेच ठेवायचे होते. मला कुणी शिकवलं नाही. यांना शिकवायला वेळ कुठला! पण मशीन सकाळी उठवायचं काम माझ्याकडे आलं, ते असं आलं की त्याला उठायला फार वेळ लागायचा. हे आंघोळ, देवपूजा उरकून बसतील तोवर ते तयार पाहिजे. म्हणजे दुधासारखंच ना? आधी गॅसवर चढवायचं आणि मग बाकीचं.

मी दार झाडायची, सडा टाकायची, मुग्गू काढायची. आमच्या गल्लीत सगळ्या तेलुगू बायका, त्यांचं बघून मीही रांगोळीला मुग्गूच म्हणायला लागले. मग हात धुऊन, पुसून कोरडे करून, मशीनच्या पाठीमागचं बटण दाबायची. ओल्या हातानं नाही, हे यांनी पहिल्या दिवशीच बजावलेलं.

आधी पंखा. मग तबकडी, म्हणजे त्याची हार्ड डिस्क. ती आत फिरायला लागली की पहिल्यांदा डास गुणगुणल्यासारखी, मग भोवऱ्यासारखी, मग चढत चढत अशी एका सुरावर जाऊन बसायची की घरात कुणी तंबोरा लावलाय. कीबोर्डवरचे बारीक दिवे एकदा सगळे लागून विझायचे, झोपेतून डोळे किलकिले करावेत तसे. आणि पडदा काळा नसायचा हो. धुतलेल्या धोतरासारखा पांढराशुभ्र, त्यावर काळी अक्षरं. कोपऱ्यात ते आपलं नाव सांगायचं, आपला नंबर सांगायचा, आपल्याला किती आठवू शकतं ते सांगायचं. तुमचे हल्लीचे मोबाइल झोपतच नाहीत, ते उठणार कुठून? आमचं मशीन मात्र रोज नव्यानं उठायचं. हे म्हणायचे, "अगं, उठताना त्याला काहीच माहीत नसतं. एका चिमुकल्या चिपमध्ये एवढंच लिहिलेलं असतं की तू अमुक, आणि तुझी तबकडी तमुक ठिकाणी. तिथं गेलं की एक छोटा प्रोग्रॅम भेटतो. तो मोठ्याला हाक मारतो. मोठा येतो आणि घर ताब्यात घेतो."

मला ते लगेच कळलं. आपलंही तसंच नाही का? डोळे उघडले की क्षणभर कुणीच नसतो आपण. मग नाव आठवतं, मग खोली, मग आज वार कुठला, आणि मग सगळं ओझं.

छोटा मोठ्याला हाक मारायला गेला की पडद्यावर एक काडी जागच्या जागी फिरायला लागायची. उभी, तिरपी, आडवी, पुन्हा तिरपी. मशीन मेलं नाही, कामात आहे, एवढंच सांगायला ती काडी. ठकू तिला भिंगरी म्हणायची. गल्लीत नवरात्रात बतुकम्मा व्हायची, फुलांचे थर रचून त्याभोवती बायका-पोरी टाळ्या वाजवत गोल फिरायच्या. ठकूला ते एवढं आवडायचं की वर्षभर तिची बतुकम्मा चालू. भिंगरी फिरायला लागली की ही शाळेचा फ्रॉक घालून, एक वेणी झालेली, एक सुटलेली, खोलीच्या मध्यावर टाळ्या वाजवत गोल गोल. हातात फणी घेऊन मी तिच्यामागे.

"ठकू, थांब की गं! शाळेची रिक्षा येईल."

"भिंगरी थांबली की मी थांबते!"

दसऱ्याला मशीनची पूजा. त्या दिवशी ते उठवायचं नाही, त्याला सुट्टी. कीबोर्डला हळदीकुंकू लावायचं नाही, बाहेरच्या पत्र्यालाच लावायचं, असा यांचा कायदा. कारण पहिल्या वर्षी मी भक्तिभावानं कीबोर्डवर कुंकवाची चांगली चिमूट सोडली होती, आणि पुढे कितीतरी दिवस एक बटण दाबलं की दोनदा उमटायचं. कारखान्यात नकाशा गेला तो दुप्पट आकड्यांचा. हे रागावले नाहीत. म्हणाले, "देवीनं दुप्पट दिलं, आता नको कसं म्हणायचं?" दुसऱ्या वर्षी ठकूनं झेंडूची पाकळी पंख्याच्या जाळीतून आत सारली, देवाला आतून पण फूल पाहिजे म्हणून. मशीन दोन दिवस फरफरत होतं. बापलेक चिमटा घेऊन डोक्याला डोकं लावून बसलेले मला अजून दिसतात.

आणि रात्री ते झोपवायची पण रीत होती. सरळ बटण बंद करायचं नाही. त्याला आधी सांगायचं, आता थांब. मग ते डोक्यात धरलेलं सगळं तबकडीवर उतरवून ठेवायचं आणि स्वतःच म्हणायचं, आता बंद करा. उन्हाळ्यात वीज गेली आणि ते मधेच मेलं, तर दुसऱ्या दिवशी उठताना रुसायचं. साऱ्या तबकडीची झडती घ्यायचं, आणि ज्या तुकड्यांची नावं हरवलीत ते एका वेगळ्या कप्प्यात नुसते आकडे घालून ठेवून द्यायचं. तुकडा आहे, पण कुणाचा ते माहीत नाही. "मशीनला झोपवायचं असतं," हे म्हणायचे, "मारायचं नसतं."

आता आवाजाचं सांगते. मी मशीन उठवून स्वयंपाकघरात जायची आणि ते उठून तयार झालं तरी कुणाला पत्ता नसायचा. चहा कधी टाकायचा तेही कळायचं नाही, कारण हे मशीनसमोर बसल्याबरोबर चहा लागायचा, आधी नाही, नंतर नाही. त्या मशीनला बोलता यायचं. गोल, काळा, बटाट्याच्या कापाएवढा माइक होता त्याचा. यांनी युक्ती काढली. उठण्याचं सगळं काम संपलं की शेवटच्या ओळीच्या आधी मशीननंच हाक मारायची. आणि हाक ठकूची.

एका रविवारी ती हाक भरली. ठकूला खुर्चीवर बसवलं, माइक समोर धरला. ती आधी टेलिफोनसारखं बोलली, "हॅलो, कोण पाहिजे? बाबा घरी नाहीत."

"अगं, बाबा समोर बसलेत की!"

"पण फोनवर नाहीत म्हणायचं असतं. तुम्हीच सांगता, कारखान्याचे काका असले की."

हे असे ओशाळले! मग पुन्हा, मग पुन्हा. एकदा शिंक आली, एकदा कुकरची शिट्टी झाली, एकदा नुसतीच खुदखुदली. शेवटी एकदाचं जमलं. "आई, मशीन उठलं! बाबांना चहा!" बस, एवढंच.

तेव्हापासून घरातली सकाळ त्या हाकेवर चालायला लागली. भिंगरी थांबायची, ओळींमागून ओळी वर सरकायच्या, आणि पत्र्याच्या पोटातून, थोडी घोगरी, शेंबूड आल्यासारखी, ठकूची हाक. खरी ठकू तेव्हा कधी आंघोळीत असायची, कधी अजून पांघरुणात. पांघरुणातून ओरडायची, "ते मी नाही, ती मशीनमधली ठकू!" मी चहाचं आधण ठेवायची. एवढी साधी गोष्ट होती ती. घरात दोन ठकू होत्या आणि आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग एक राहिली.

ते कसं झालं त्यावर मी लिहिणार नाही. सांगून कुणाचं बरं झालंय? उन्हाळा होता, आंब्याच्या पेट्या आल्या होत्या, त्या कुणी उघडल्याच नाहीत, घरभर पिकल्या आंब्याचा वास, एवढंच. तेरावं झालं. कारखान्याची माणसं दारात येऊन खाली मान घालून उभी राहत आणि काही न मागता परत जात. पण त्यांचीही कामं अडली होती. एक दिवस सकाळी हे म्हणाले, "बसावं लागेल गं आता." मी मान हलवली. मग मशीनच्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, "ते... काढून टाकू का? एका ओळीचं काम आहे."

मी म्हटलं, "नक्को."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मी दार झाडलं, सडा टाकला, मुग्गू काढला, हात कोरडे केले, बटण दाबलं. पंखा, तबकडी, दिवे. पांढरा पडदा. भिंगरी फिरायला लागली आणि मला उभं राहवेना. तेव्हा नल्लकुंट्यात म्युनिसिपाल्टीचं पाणी सकाळीच यायचं, नेमकं त्याच वेळेला. मी स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि खाली पितळेची घागर धरली. पितळेच्या घागरीत पाणी पडताना काय आवाज करतं, तुम्हाला माहीतच आहे. त्यात दुसरं काही ऐकू येत नाही. घागर भरली की हंडा, हंडा भरला की बादली. मग अंदाजानं नळ बंद करायची. बाहेर हे मशीनसमोर बसलेले असायचे, पाठमोरे. मी चहा नेऊन ठेवायची. ते म्हणायचे, "पाणी आलं वाटतं आज भरपूर." मी म्हणायची, "हौ, आलं."

वर्षानुवर्षं आमचं एवढंच बोलणं झालं त्यावर. ते रोज ऐकायचे. मी रोज पाणी भरायची. नंदू झाला, रांगायला लागला, तोवर छोटी स्वस्त मशीनं आली, सगळ्यांचे नकाशे त्यांवर व्हायला लागले. एक दिवस यांनी या मशीनला रीतीनं झोपवलं, वायर गुंडाळली आणि माझ्याकडे बघितलं. मी माझं निळं लुगडं आणून दिलं.

मागल्या वर्षी हे गेले. मग माझ्या मनात यायला लागलं की आता तो आवाज ऐकलेला माणूसच राहिला नाही. मी राहिले, पण मी तर पाणी भरत होते.

म्हणून मुग्धाला मी हौ म्हटलं. आणि शनिवारी अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःला ताकीद दिली, उद्या उठायचं नाही. काय वाटेल ते होवो, तिथं बसून राहायचं आणि ऐकायचं. मरायच्या आधी एकदा तरी.

रविवारी मुग्धानं मशीन टेबलावर मांडलं. टीव्ही जड म्हणून नंदूनं उचलून दिला आणि तो टेम्पोवाल्याकडे गेला. मुग्धानं आपला मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला, जुनं मशीन कसं उठतं त्याचा व्हिडिओ तिला मैत्रिणींना दाखवायचा होता. मी मुग्गू आधीच काढून आले होते. मुग्धा हसली, "अहो आई, घर पाडणार आहेत, आता कुणासाठी रांगोळी?"

"रीत आहे गं. ती झाल्याशिवाय ते उठत नाही."

"हौ क्या?" ती माझी नक्कल करून म्हणाली.

"हौ. आणि हात कोरडे कर आधी."

बटण मी दाबलं. पंखा फिरला. तबकडी मात्र फिरेना. मुग्धानं झाकण काढून पाहिलं, म्हणाली, "वर्षानुवर्षं पडून राहिली की तबकडी चिकटते आतल्या आत." मला माहीत होतं. थंडीच्या दिवसांत पूर्वीही व्हायचं. मी तिला म्हटलं, "तळहातावर घे, आणि झोपलेल्या लेकराला कुशीवर वळवतात तसं मनगटातून एक झटका दे. जोरात नको." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी संस्कृत बोलले. पण केलं तिनं. आणि डास गुणगुणला. मग भोवरा. मग तो सूर. आणि तो वास.

पडदा पांढरा झाला. पण नाव नाही, नंबर नाही. नंबराच्या जागी नुसतं एकच अक्षर पुन्हा पुन्हा. मुग्धा म्हणाली, "चिपमधली बॅटरी संपलीय, आई. ते कोण आहे हेच विसरलंय. तबकडी कुठे आहे तेही." मशीन 'ओके' असा शब्द टाकून थांबून राहिलं होतं, पत्ता विसरलेल्या म्हाताऱ्यासारखं, दुसऱ्याच्या दारात. तिनं पाठीमागच्या पत्र्यावरचा नंबर वाचला आणि हातानं त्याला सांगितला. तू अमुक. तुझी तबकडी इथं. चल.

ते गेलं. भिंगरी फिरायला लागली.

मग झडती सुरू झाली. तबकडीवर जागोजागी खराब झालेलं होतं, ते एकेक विचारायला लागलं, हे दुरुस्त करू का, हे टाकू का. मुग्धाची बोटं थांबली. "आई, काही काही जाईल यातलं. हो म्हणू?"

मी खुर्चीत बसून पदराचं टोक मुठीत धरलं. "म्हण."

तिनं हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. कुठल्या प्रश्नात ठकू होती कोण जाणे. मग प्रश्न संपले. ओळी वर सरकायला लागल्या, एकीमागून एक, त्याच त्या ओळी, मला पाठ असलेल्या. हे झालं, ते झालं, घड्याळ चुकीचं, हरकत नाही, शेजारचं मशीन सापडत नाही, हरकत नाही. आता शेवटून तिसरी. आता दुसरी.

आणि मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. नळ पूर्ण सोडलेला, खाली घागर.

शप्पत सांगते, मी उठले कधी ते मला आठवत नाही. पाय आपोआप गेले. हातांनी नळ सोडला. आता तर टाकीचं पाणी, दिवसभर येतं, ते जाईल म्हणून धावायचंही कारण नाही. घागर वाजत होती आणि मी तिच्याकडे बघत उभी.

मुग्धा दारात आली. तिचा चेहरा पांढरा झाला होता. तिचे ओठ हलताना दिसले, पण ऐकू काही येईना. तिनं पुढे होऊन नळ बंद केला.

"आई, त्यात एक लहान मुलगी बोलली. 'आई, मशीन उठलं' म्हणाली. आई... या ठकूताई का?"

मी धावले. या वयात जेवढं धावता येतं तेवढं. पडद्यावर शेवटची ओळ आली होती आणि पुढे काडी लुकलुकत होती. मुग्धा कीबोर्डवर वाकली, "थांबा आई, मी पुन्हा लावते, नुसती फाइल शोधायची..." तेवढ्यात आतून टक् झालं. मग टक् टक्. तो सूर खाली खाली यायला लागला, भोवऱ्यासारखा झाला, डासासारखा झाला आणि नाहीसा झाला. पंखा तेवढा फिरत राहिला. पडद्यावर तक्रारींच्या ओळी आल्या आणि थांबल्या.

मुग्धानं तबकडी तळहातावर घेतली, वळवली, पुन्हा वळवली. फुंकर घातली. ओढणीत धरून ऊब दिली. दुपारपर्यंत ती पोरगी जेवली नाही. शेवटी मीच म्हटलं, "राहू दे बाळा." तेव्हा ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि मी तिच्या केसांतली धूळ वेचत बसले. त्याला रीतीनं झोपवायचंही राहून गेलं. ते मधेच गेलं.

आता कुकटपल्लीत आहे. नवव्या मजल्यावर. खाली मुग्गू काढायला अंगण नाही, दारात एक फरशी आहे तेवढ्यावर काढते, शेजारची तेलुगू सून म्हणते, "बागुंदी अम्मा," छान झालीय म्हणून. डबा भंगारात गेला नाही. मुग्धानं नंदूला ठणकावून सांगितलं, तो आईंच्या खोलीत राहील, वाटलं तर तुझी व्यायामाची सायकल टाक. लुगडंही तेच.

आणि मुग्धानं तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर घातलाय. बरणीला टेकवलेला तिचा मोबाइल त्या दिवशी चालूच राहिला होता. मी बरेच दिवस उघडला नाही. काल सकाळी दोघं कामाला गेल्यावर उघडला.

पंखा आहे. सूर आहे. मुग्धा "हो म्हणू?" विचारते, मी "म्हण" म्हणते, माझा आवाज किती म्हातारा झालाय. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, माझी पावलं. आणि मग धो धो पाणी, पितळेत पडणारं. त्या पाण्याच्या मागून, खूप लांबून, भिंतीपलीकडच्या घरातून यावी तशी ठकूची हाक. "आई, म..." आणि पाणी. "...उठलं! बाबांना..." आणि पाणी.

त्याच्या शेवटी अजून काहीतरी आहे. मला कळेना, म्हणून संध्याकाळी मुग्धाला ऐकवलं. तिनं कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, "मागे कुणीतरी बाई हसतेय, आई. अगदी खळखळून." मग हळूच, "तुम्हीच ना?"

असेन. रोज सकाळी ती हाक वाजायची तेव्हा ते हसू त्यात असणारच, मला ते कधी ऐकूच आलं नव्हतं. लेकराच्या हाकेत स्वतःचं कोण ऐकतं? आता ऐकते तर ती बाई ओळखीची वाटत नाही. तिच्याकडे दोन ठकू होत्या, पुढच्या खोलीत हे होते, गॅसवर कुकर होता.

आज सकाळी मी पुन्हा लावलं. आधी घरभर फिरून आले. स्वयंपाकघरातला नळ, बाथरूममधला, बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचा. नवे नळ आहेत हे, बोटानं जरा फिरवले की गप्प होतात, तरी मी एक एक घट्ट आवळला. फ्लॅटमध्ये टिपूस पडल्याचा आवाज नव्हता. मग मी पलंगावर बसले, हात कोरडे केले आणि बटण दाबलं.

सगळे नळ बंद होते. मोबाइलमधला मात्र वाहत राहिला.